नव्या शैक्षणिक वर्षाचा आरंभ : वसईतील कॅथलिक प्राथमिक शाळांसाठी काही सूचना

कॅथलिक प्राथमिक शाळा ही एकाच वेळी दोन व्यवस्थांचा भाग असते. एका बाजूने ती राज्याच्या शिक्षण विभागाची मान्यता घेऊन, राज्याचा अभ्यासक्रम शिकवणारी शाळा असते आणि दुसऱ्या बाजूने ती ख्रिस्तसभेच्या सेवाकार्याचा एक विभाग असते. मुंबई महाधर्मप्रांतातून १९९८ साली वेगळ्या झालेल्या वसई धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपांच्या अधिकारातील धर्मक्षेत्रात, हे दुहेरी स्वरूप डोळ्यांना सहज दिसते. कारण येथील बहुतेक जुन्या धर्मग्रामांत, म्हणजे एका चर्चभोवती संघटित झालेल्या भाविकांच्या वस्तीत, चर्च आणि शाळा एकाच आवारात आहेत आणि दोन्हींच्या घंटा एकाच अंगणात ऐकू येतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा या दोन व्यवस्थांच्या अपेक्षा मुख्याध्यापकांच्या टेबलावर एकदमच येऊन पडतात, आणि पहिल्या चार आठवड्यांत ज्या गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या जात नाहीत त्याच पुढे वर्षभर गैरसमजाचे कारण होतात. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळेची जबाबदारी असलेले धर्मगुरू आणि धर्मभगिनी, तसेच पालक या सर्वांना वर्षारंभाचे नियोजन करताना उपयोगी पडावेत असे काही मुद्दे या लेखात मांडले आहेत.

प्रथम शाळेच्या समाजात कोणाचा अंतर्भाव होतो हे निश्चित करणे आवश्यक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले त्यात आईवडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले आहेत, आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेत, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ग्रंथात, शिक्षकांनी पालकांशी निकटचे सहकार्य करावे असे स्पष्ट सांगितले आहे. येथे कोणत्या धर्माचे पालक असा भेद अभिप्रेत नाही. वसईतील जुन्या शाळा सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती कुटुंबांच्या मुलांसाठी उभ्या राहिल्या हे खरे; परंतु वसई, नालासोपारा आणि विरार या पट्ट्यात गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून कुटुंबे येऊन स्थिरावली आहेत आणि आज अनेक वर्गांत हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन आणि ख्रिस्ती मुले एकाच बाकावर बसतात. धर्मग्राम आणि शाळेचा समाज हे आता एकच राहिलेले नाहीत. ज्या शाळा हे मनोमन मान्य करत नाहीत, त्यांच्या सूचनाफलकावर, पालकसभेतील भाषेत आणि स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणातही अर्धे पालक पाहुणे ठरतात, आणि पाहुण्यासारखी वागणूक मिळालेला पालक शाळेच्या अडचणीच्या वेळी पुढे येईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

प्रत्यक्ष तयारी मे महिन्याच्या अखेरीस सुरू व्हावी. या दिवसांत शिक्षकांचा बराच वेळ प्रवेश वाढवण्याच्या धावपळीत जातो. विद्यार्थिसंख्येवरून मंजूर शिक्षकांची पदे ठरवण्याची जी संचमान्यतेची पद्धत राज्यात आहे तिच्यामुळे अनुदानित मराठी शाळांना पट टिकवण्याची चिंता सतत असते, आणि वसईतील पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे वळल्यापासून ती अधिकच तीव्र झाली आहे. घरोघरी जाण्याचा हा श्रम टाळता येत नसेल तर त्याचा हेतू व्यापक करणे शहाणपणाचे ठरेल. पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी वर्गशिक्षिकेने शाळा उघडण्यापूर्वी एकदा जावे, आणि त्या भेटीत जाहिरात न करता माहिती घ्यावी : घरात कोणती बोली बोलली जाते, मुलाला शाळेत कोण सोडणार आणि कोण नेणार, दुपारी घरी कोण असते, एखादे आजारपण किंवा ॲलर्जी आहे काय, घरातील कोणाला वाचता येते. या भेटीची नोंद वर्गाच्या वहीत चार ओळींत करून ठेवली तर शिक्षिकेची बदली किंवा दीर्घ रजा झाली तरी ती माहिती पुढच्या व्यक्तीला मिळते.

घरातील बोलीचा प्रश्न वसईत विशेष महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले जात नाही. सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांतील कादोडी आणि वाडवळ कुटुंबांतील वाडवळी या बोली प्रमाण मराठीहून उच्चारात, प्रत्ययांत आणि शब्दसंग्रहात बऱ्याच वेगळ्या आहेत. त्यामुळे मराठी माध्यमात प्रवेश घेतलेले मूलही पहिल्या दिवशी शिक्षिकेचे सगळे बोलणे समजून घेते असे धरून चालणे चुकीचे आहे. सहा वर्षांचे मूल शौचाला जाण्याची परवानगी आपल्या बोलीत मागते, शिक्षिका सवयीने आधी त्याचे वाक्य सुधारते आणि ते वाक्य नीट म्हणायला लावून मग परवानगी देते. दोनतीन वेळा असे झाले की ते मूल विचारायचेच सोडून देते, आणि एका दुपारी ओल्या कपड्यांनिशी रडत घरी जाते. यात शिक्षिकेचा हेतू वाईट नसतो, पण मुलाने घेतलेला धडा असा असतो की आपल्या आईची भाषा शाळेत चालत नाही. म्हणून शाळा उघडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे तरी वर्गात बोलीतील कोणत्याही उत्तराला अशुद्ध म्हणू नये, मुलाने बोलीत विचारलेल्या प्रश्नाला प्रमाण मराठीत साधे उत्तर द्यावे आणि दुरुस्ती त्या उत्तरातूनच होऊ द्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरातील भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. बोली जाणणारी एखादी आजी किंवा मावशी आठवड्यातून एकदा वर्गात येऊन गोष्ट सांगू लागली तर गुजराती किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलांच्या घरच्यांनाही तेच निमंत्रण द्यावे, कारण बोलीचा मान हा एका जमातीचा मान होऊन बसला तर त्याचा मूळ उद्देशच हरवतो.

पहिल्या दिवसाविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण शाळा प्रवेशोत्सवाची रीत आता सर्वत्र रुळली आहे. फुगे, गुलाबाचे फूल आणि नवी पुस्तके यांनी मूल आनंदते. पाहुण्यांच्या लांब भाषणांनी मात्र ते कंटाळते, आणि बाहेर पाऊस पडत असताना उघड्या मंडपात अर्धा तास उभे राहिलेले मूल दुसऱ्या दिवशी तापाने घरी राहते. रेनकोट व छत्र्या ठेवण्यासाठी व्हरांड्यात प्रत्येक मुलाच्या नावाचा आणि वाचता न येणाऱ्यासाठी चित्राचा खिळा असावा, पहिलीच्या प्रत्येक मुलाला चौथीतील एक सोबती दोन आठवड्यांसाठी नेमून द्यावा, आणि पहिला आठवडा शाळा अर्धा वेळ भरवावी, एवढ्याने बरेच काम होते. सोबती नेमताना ख्रिस्ती मुलाला ख्रिस्ती सोबती असा विचार कटाक्षाने टाळावा.

वर्षारंभाच्या उपासनेचा प्रश्न अधिक विचार मागतो. येशूसंघीय धर्मगुरूंनी १५४८ साली सिसिलीतील मेसिना येथे आपली शाळा सुरू केली तेव्हापासून शैक्षणिक वर्षाची सुरुवात पवित्र आत्म्याच्या मिस्सेने करण्याची प्रथा त्यांच्या शाळांत रूढ झाली आणि पुढे ती अन्य कॅथलिक शाळांनीही स्वीकारली. मिस्सा किंवा ख्रिस्तयाग म्हणजे भाकर आणि द्राक्षरस यांच्या अर्पणाचा कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, आणि पवित्र आत्मा हा ज्ञान व विवेक देणारा परमेश्वर अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. ही प्रथा सुंदर आहे आणि ती टिकावी. परंतु भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही. ही तरतूद शाळेच्या अल्पसंख्याक हक्काला बाधा आणणारी आहे असे काही जण समजतात, ते बरोबर नाही. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे आणि अनुच्छेद २८ ने त्या शाळेतील प्रत्येक मुलाच्या सदसद्विवेकाचे रक्षण केले आहे, आणि श्रद्धा ही मोकळेपणानेच स्वीकारली जाते असे मानणाऱ्या ख्रिस्तसभेला या दोन्हींमध्ये विरोध दिसण्याचे कारण नाही.

यासाठी शाळेने तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून पालकांना पहिल्याच सभेत समजावून द्याव्यात. सकाळचा परिपाठ हा सर्वांचा असतो. त्यात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि कोणत्याही धर्माच्या मुलाला म्हणता येईल अशी प्रार्थना असावी. मूल्यशिक्षण हा दुसरा भाग. त्यात खरेपणा, स्वच्छता, आजारी सोबत्याची विचारपूस, भांडण मिटवण्याची रीत अशा विषयांवर सर्व मुलांसाठी तास घेतले जातात आणि त्यात धर्मप्रसार नसतो. धर्मशिक्षण, ज्याला बोलीभाषेत कॅटेकिझम म्हणतात, हा तिसरा भाग; तो फक्त कॅथलिक मुलांसाठी असतो आणि त्यात बायबल, संस्कार आणि प्रार्थना शिकवल्या जातात. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ साली आपल्या शाळांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत परिपाठात उद्देशिकेचे वाचन करावे, इतर धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि सर्व धर्मांचा आदर राखावा असे म्हटलेले आहे, म्हणून ही मांडणी करताना कोणत्याही शाळेला ख्रिस्तसभेची भूमिका सोडल्यासारखे वाटण्याचे कारण नाही. वर्षारंभाची मिस्सा चर्चमध्ये असताना जी मुले तेथे जाणार नाहीत त्यांच्यासाठी खरा उपक्रम आखावा, उदाहरणार्थ आवारातील झाडांची ओळख किंवा मोठ्या वर्गातील मुलांकडून गोष्टीचे वाचन. त्यांना व्हरांड्यात गप्प बसवून ठेवणे हा एक प्रकारचा बहिष्कारच ठरतो. मात्र याचा अर्थ शाळेने आपली ओळख झाकावी असा होत नाही. वर्गातील क्रूस, आवारातील मारियामातेची ग्रोटो, म्हणजे गुहेच्या आकाराची देवळी, मुख्याध्यापक धर्मभगिनींचा वेश या गोष्टी तेथे का आहेत हे पालकांना सरळपणे सांगणारी शाळाच विश्वासाला पात्र होते, आणि अनेक हिंदू पालक याच सरळपणासाठी या शाळांत मुले घालतात.

श्रावणात मेंदी काढून आलेल्या, हातात राखी बांधलेल्या किंवा कपाळाला टिकली लावलेल्या मुलीला शिस्तीच्या नावाखाली वर्गाबाहेर उभे करण्याचे प्रकार कॉन्व्हेंट शाळांतून अधूनमधून घडतात आणि त्यातून गावभर कटुता पसरते. गणवेशाविषयीचा नियम जूनमध्येच लेखी द्यावा, त्यात सणांच्या दिवसांसाठी सवलत नमूद करावी आणि नियमभंग झाल्यास मुलाशी न बोलता पालकांशी बोलावे. घटक चाचण्यांचे वेळापत्रक आखताना गणेशोत्सव, ईद आणि नाताळ हे तिन्ही एकाच गांभीर्याने पाहावेत.

शाळेच्या दिनदर्शिकेत ख्रिस्ती सण कसे बसवावेत हाही वर्षारंभीच ठरवण्याचा विषय आहे. ३ जुलै हा संत थोमा यांचा, ८ सप्टेंबर हा मारियामातेच्या जन्माचा, ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि मारियामातेचे स्वर्गोन्नयन एकाच दिवशी येतात, तेव्हा ध्वजवंदन सर्वांचे आणि मिस्सा भाविकांची असा क्रम आधी जाहीर करावा. फेब्रुवारीतील संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला वसईत विशेष स्थान आहे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर प्राण अर्पण केलेले हे फ्रान्सिस्कन व्रतस्थ १८६२ साली संत म्हणून घोषित झाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. त्यांचा इतिहास हा वसईच्या बंदराचा, पोर्तुगीज काळातील सागरी व्यापाराचा आणि एका वसईकराच्या धैर्याचा इतिहास आहे, म्हणून चौथीच्या वर्गात तो परिसर अभ्यासाशी जोडून सर्व मुलांना शिकवता येतो. याउलट त्यांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, ही धर्मग्रामाने आयोजित करावी आणि तिला शालेय उपस्थितीशी जोडू नये.

पालकसभेच्या वेळेकडे आता वळावे लागेल, कारण बहुतेक शाळांचा पहिला प्रयत्न तेथेच फसतो. वसईतील वडील मंडळी पहाटेच्या विरार लोकलने मुंबईला जातात आणि रात्री परततात. वाडीत काम करणाऱ्या स्त्रिया फुले आणि भाजी घेऊन बाजार गाठतात आणि दुपारपर्यंत मोकळ्या होत नाहीत. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बोलावलेल्या सभेला जे येतात तेच दरवर्षी येतात आणि शाळा त्यांनाच सर्व पालकांचे प्रतिनिधी समजू लागते. रविवारी मिस्सेनंतर सभा ठेवली तर कॅथलिक पालक येतात, पण इतरांना ती चर्चची सभा वाटते. शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, एका वर्गाची एक सभा, पाऊण तासाहून अधिक नाही, आणि लहान भावंडांना सांभाळण्यासाठी शेजारच्या वर्गात दोन शिक्षक, अशी व्यवस्था बरीच फलदायी ठरते. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार खासगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीवरील पालक इच्छुकांमधून सोडत काढून निवडले जातात. ही सोडत सर्वांसमक्ष काढावी. फादरांच्या किंवा सिस्टरांच्या ओळखीतील चार नावे आधी ठरवून ठेवण्याची सवय जेथे असेल तेथे ती सोडलेली बरी, कारण शुल्काचा निर्णय याच समितीपुढे येतो आणि समितीवर विश्वास नसेल तर योग्य शुल्कवाढही संशयास्पद ठरते.

पैशाविषयी सभेत स्पष्ट बोलावे. मान्य शुल्क किती, सहल व स्नेहसंमेलनाचा खर्च किती, इमारतनिधीची देणगी ऐच्छिक आहे म्हणजे ती न दिल्यास मुलावर कोणताही परिणाम होणार नाही, हे आकड्यांसह फळ्यावर लिहावे. अनुदानित शाळांत बालभारतीची पुस्तके मोफत मिळतात हे नव्याने आलेल्या अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. गणवेश एकाच दुकानातून घेण्याची सक्ती नसावी, आणि दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक होऊ नये यासाठी वेळापत्रक रोज दोनतीन विषयांपुरतेच ठेवावे.

गरीब मुलांच्या प्रवेशाविषयी कॅथलिक शाळांची जबाबदारी कायद्याने कमी केली असली तरी धर्माने ती वाढवलेली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २०१० पासून लागू झाला आणि त्यात खासगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखाव्यात अशी तरतूद आहे; सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी प्रमती एज्युकेशनल अँड कल्चरल ट्रस्ट या खटल्यात हा अधिनियम अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाचा मोठ्या पीठाने फेरविचार करावा यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. निकाल काहीही लागो, सवलत मिळाली म्हणून दरवाजे लावून घेणे हे भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या २००७ च्या शिक्षणधोरणाशी विसंगत आहे, कारण त्या धोरणात गरीब आणि उपेक्षितांना अग्रक्रम देण्याचे वचन आहे. म्हणून प्रत्येक शाळेने काही जागा स्वेच्छेने राखाव्यात आणि त्यांची निवड प्रवेशाच्या वेळी करावी, जून संपल्यावर उरलेल्या जागांतून नव्हे. त्याच अधिनियमात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास मनाई आहे. या तरतुदी लागू आहेत की नाहीत याची चर्चा न्यायालयात होत राहील, पण कॅथलिक शाळेने त्या स्वतःहून पाळाव्यात. मदत देण्याची रीत मात्र अतिशय जपून ठेवावी लागते. गणवेशाचे कापड किंवा वह्या व्यासपीठावर बोलावून वाटल्या की मदत घेणारे मूल वर्षभर तसेच ओळखले जाते. तेच साहित्य धर्मग्रामातील गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सदस्यांकरवी घरी पोहोचवले किंवा सर्वांच्या पुस्तकांसोबत वर्गात दिले तर कोणालाही वेगळे कळत नाही.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी कोणतीही सवलत अस्तित्वात नाही आणि ती कोणी मागूही नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो, प्रत्येक शाळेला लागू आहे. त्यानुसार असा अपराध घडला आहे किंवा घडण्याची शक्यता आहे अशी माहिती ज्या कोणाला असेल त्याने ती विशेष बालपोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि ही माहिती दडवणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीविषयी माहिती दडवल्यास शिक्षा अधिक कडक आहे. आधी व्यवस्थापकांना सांगू, मग बिशप महोदयांना कळवू, त्यांनी सांगितले तर पोलिसांकडे जाऊ, असा क्रम येथे चालत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू आणि व्रतस्थ यांच्यासाठी जो अंतर्गत तक्रारीचा नियम केला, त्यातही देशाच्या कायद्याने घातलेली जबाबदारी अबाधित ठेवली आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिक्षक, शिपाई, स्वच्छता कर्मचारी, धर्मभगिनी, व्हॅनचे चालक अशा सर्वांची एकत्र बैठक घेऊन ही गोष्ट सांगावी आणि उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ स्त्री कर्मचारी, राज्य शासनाने २०२२ साली ठरवून दिलेली सखी-सावित्री समिती आणि तक्रारपेटी ही कागदावर राहिलेली आहेत काय, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे. तक्रारपेटी कार्यालयाच्या दाराशी, शिपायाच्या नजरेसमोर लावलेली असेल तर तिच्यात कोणी चिठ्ठी टाकणार नाही. लहान मुलांना लिहिता येत नाही, म्हणून १०९८ हा बालमदतीचा क्रमांक पाठ करून घेण्याबरोबरच, शाळेतील कोणत्या मोठ्या माणसाला सांगावेसे वाटेल असे प्रत्येक मुलाला एकांतात विचारावे आणि त्याने सांगितलेले नाव वहीत लिहून ठेवावे. एकाही मोठ्या माणसाचे नाव न सांगणाऱ्या मुलाकडे शिक्षिकेचे लक्ष सर्वात आधी जायला हवे.

धर्मग्राम आणि शाळा यांचे संबंध वसईत जिव्हाळ्याचे असतात, म्हणूनच ते रेखून ठेवणे आवश्यक असते. धर्मगुरू व्यवस्थापक असतात आणि मुख्याध्यापक शाळेचे दैनंदिन काम पाहतात. पालक मात्र वर्गातील लहानशी तक्रार घेऊन थेट फादरांकडे जातात, फादर सद्भावनेने काही आश्वासन देतात आणि वर्गशिक्षिकेला ते दोन दिवसांनी कळते. तक्रार आधी वर्गशिक्षिकेकडे, मग मुख्याध्यापकांकडे, आणि त्यानंतरच व्यवस्थापकांकडे, हा क्रम पहिल्या सभेत सांगावा आणि धर्मगुरूंनी स्वतः तो पाळावा. सुरक्षिततेची तक्रार मात्र या क्रमाला अपवाद असते हेही त्याच वेळी सांगावे. साधारण तिसरी-चौथीत कॅथलिक मुले प्रथम ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर स्वीकारण्याची, तयारी करतात. रविवारचे धर्मशिक्षण, शाळेचा गृहपाठ आणि शिकवणी यांत ती थकून जातात, म्हणून त्या वर्षी शनिवारी गृहपाठ देऊ नये असा समन्वय धर्मशिक्षक आणि वर्गशिक्षक यांनी जूनमध्येच करावा. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या समारंभातील खर्चाची स्पर्धा हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, त्यावर धर्मग्रामाने बोलावे.

पावसाळ्यात वसई-विरारचे रस्ते पाण्याखाली जातात आणि लोकल बंद पडतात. शाळा सोडायची की ठेवायची हा निर्णय कोण घेणार, तो कोणत्या एकाच व्हॉट्सॲप गटावरून कळवला जाणार, आणि पालक येईपर्यंत कोणते दोन शिक्षक थांबणार हे जुलैच्या पहिल्या मुसळधार पावसाआधी ठरलेले असावे. त्या गटावर फक्त शाळेच्या सूचना याव्यात. शुभेच्छा, जाहिराती आणि राजकीय मजकूर यांना तेथे जागा नसावी.

जुलैच्या मध्यावर, म्हणजे शाळा सुरू होऊन चार आठवडे झाल्यावर, शिक्षकांची एक बैठक केवळ मुलांच्या नावांसाठी ठेवावी. हजेरीपट पुढे ठेवून प्रत्येक नाव वाचावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : हे मूल तीनहून अधिक दिवस सलग गैरहजर राहिले आहे काय, त्याच्या घरातील कोणाशी या महिन्यात बोलणे झाले आहे काय, आणि मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर डबा खाते. ज्या नावांपुढे उत्तर मिळत नाही त्या मुलांच्या घरी पुढच्या पंधरवड्यात दुसरी भेट द्यावी, आणि ती भेट वर्गशिक्षिकेने एकटीने न देता मुख्याध्यापकांनीही सोबत जावे. गणेशोत्सवाच्या सुट्टीत बरीच कुटुंबे गावी जातात आणि काही मुले परत येत नाहीत, म्हणून या दुसऱ्या भेटी त्या सुट्टीपूर्वीच पूर्ण व्हाव्यात.